भिंतीवरचा भोकाचा पैसा

आरे-वारेचा वारा घरात येतो तो मीठ घेऊनच. बिजागऱ्या, कड्या, सायकलची साखळी, कशालाच तो सोडत नाही. अशा घरात आजोबांच्या डब्यातली नाणी चौकटीत मांडून भिंतीवर लावायची, तर आधी ओलीचा विचार करावा लागतो.

जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात पश्चिमेकडची भिंत पाणी धरते, म्हणून माजघरातली आतली भिंत बरी. तिथेही चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून वारा खेळायला बोटभर फट ठेवायची.

मग नाणी पांढऱ्या कागदावर पसरायची. हा भाग फार सुखाचा. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली आणि पुढच्या काही वर्षांत खिशात भूमितीच खुळखुळू लागली: चौकोनी पाच पैसे, पाकळ्यांचे दहा, सहाकोनी तीन, कमळाचे पिवळे वीस. त्यांच्या मधोमध 1943 चा भोकाचा पैसा शोभतो. महायुद्धात तांबं वाचवायला टांकसाळीने त्याचा मध्य काढून टाकला, आणि चौकटीत त्याच भोकातून मागचं गडद कापड दिसतं. कापड सुती हवं. लोकरीच्या बनातीतल्या गंधकाने राणीछाप रुपया काळवंडतो.

आणि घासायचं नाही! देवाची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, आमसुलाने लख्ख करायची सवय कोकणात घरोघरी आहे. नाण्यावर तोच हात फिरला की तांब्याची जुनी तपकिरी कातडी जाते आणि उठावाची अक्षरंही झिजतात. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. एवढ्याशा तांब्यावरची ती अक्षरं साडेतीनशे वर्षांनी आपल्या हातात येतात, ती आमसुलाला देऊन कसं चालेल?

शिवराई भिंतीवर लावली की अर्धं नाव मात्र झाकलं जातं. ढब्बू पैसे, म्हणजे जुनी जाड तांब्याची नाणी, जोडीने असतील तर एक सुलटा, एक उलटा लावता येतो. एकुलत्या नाण्याशेजारी मागच्या बाजूचं छायाचित्र ठेवावं. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप राजा नहपानाच्या छापावरच आपला ठसा मारलेला होता. अशा नाण्याची तर दोन्ही अंगं वाचावी लागतात.

डिंक टाळावा. ॲक्रिलिकच्या पत्र्यात नाण्याच्या मापाची भोकं कापून घेतली की नाणं नुसतं बसतं. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातली जुनी नाणी आधी बाहेर काढावीत. त्या पाकिटांमुळे त्यांच्यावर हिरवा चिकट थर धरतो. मागची फळी स्क्रूने बसवायची, आत सिलिका जेलची पुडी.

पाऊस सरला की आश्विनात चौकट उतरते. स्क्रू निघतात, पुडी बदलते, एकेक नाणं कडेने धरून उजेडात फिरवलं जातं. एखाद्या तांब्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली, तर खाऱ्या हवेने ते आतून पोखरायला घेतलंय असं समजायचं. ते नाणं सिलिका जेलच्या डब्यात वेगळं ठेवायचं आणि ॲक्रिलिकमधल्या त्याच्या रिकाम्या भोकात डब्यातलं तसंच दुसरं नाणं बसवायचं.