दहा मिनिटांचा मंच आणि रात्रभराचं नाटक

गोंडवाना विद्यापीठाच्या हद्दीत चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोनच जिल्हे येतात. 2011 साली ते नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं. जिल्हे दोनच म्हणून त्याला लहान समजू नये. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे 200 किलोमीटर, आणि तिथली बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात. भामरागडकडे माडिया, कोरचीच्या बाजूला छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शी भागात निर्वासित म्हणून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली, आणि वैनगंगेच्या काठाकाठाने झाडीबोली. इतक्या भाषांची गाणी आणि नाच सोबत घेऊन आलेले विद्यार्थी राज्यातल्या फार थोड्या विद्यापीठांना मिळत असतील.

कागदावर या विद्यार्थ्यांचं कलाजीवन म्हणजे युवा महोत्सव. महाविद्यालयांतले संघ विद्यापीठाच्या महोत्सवात उतरतात, तिथून निवडलेली मुलं राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’ला जातात, तशीच विभागीय स्पर्धेलाही. संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय, ललितकला असे पाच विभाग. एकांकिकेला 30 मिनिटं, प्रहसनाला 10, मूकनाट्याला 5, लोकनृत्याला 10. घड्याळ लावून काम करण्याची शिस्त यातून लागते, आणि दूरच्या तालुक्यातल्या मुलीला परक्या शहराच्या मंचावर उभं राहायची संधी मिळते. या संधीचं मोल मी कमी लेखत नाही.

पण माडिया-गोंडांचा रेला नाच बघा. गावात तो गोल धरून, हातात हात गुंफून, गात गात चालतो. गाणाऱ्याही नाचणाऱ्याच. बघणाऱ्याला वाटलं तर तो उठून गोलात शिरतो. महोत्सवात तोच नाच परीक्षकांकडे तोंड करून दहा मिनिटांत बसवावा लागतो. गोल उघडा करावा लागतो, आणि नाचातलं जे मुख्य तेच पातळ होतं.

नाटकाची गोष्ट तर याहून मोठी. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या मुलखात, धान कापून झालं की गावची जत्रा म्हणजे मंडई भरते, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट होतो, आणि त्या रात्री नाटक असतंच. पाहुणे नाटकासाठी म्हणून गावी येतात, लग्नाच्या सोयरिकीही या गर्दीत जुळतात. दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम होळीपर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे याचं केंद्र. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत. लोक त्यांना ‘प्रेस’ म्हणतात. गावोगावचे मंडळवाले तिथे येऊन नाटक ठरवतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पहाट होईपर्यंत प्रयोग चालतो. वादक मंचाच्या पुढ्यात बसतात. दंडार आणि खडी गंमत या जुन्या प्रकारांतून आलेली विनोदाची आणि गाण्याची सवय या नाटकांत अजून दिसते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी या मंचावर आयुष्य काढलं. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा राज्याच्या बाकी भागाला या रंगभूमीचं नाव नव्याने ऐकू आलं. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी ‘आत्महत्या’ नाटकातून शेतकऱ्याचं मरण याच प्रेक्षकांपुढे ठेवलं. तिकीट काढून आलेला हा प्रेक्षक आवडलं नाही तर बसत नाही. एवढी कठोर परीक्षा कुठल्याच महोत्सवात होत नाही.

या मंडपात बसलेले, तबल्यावर साथ करणारे, प्रॉम्प्टिंग करणारे कितीतरी तरुण याच विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकतात. महाविद्यालयाच्या दप्तरात मात्र ते कलावंत म्हणून नसतात, कारण त्यांनी स्पर्धेत नाव दिलेलं नसतं. मला ही उणीव खटकते. विद्यार्थ्यांना कलेकडे वळवा, असं म्हणणारी परिपत्रकं निघतात. इथे मुलं आधीच कलेत आहेत, वळायचं आहे ते विद्यापीठाला.

वाट आता मोकळीही आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात सांस्कृतिक उपक्रम आणि प्रयोगकला यांना सह-अभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळतात. मग हंगामभर एखाद्या प्रेससोबत काम केलेल्या मुलाची नोंदवही ग्राह्य का धरू नये? कोणत्या गावी, कोणतं नाटक, काय काम केलं, खाली दिग्दर्शकाची सही. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी नाटकांच्या संहिता जमवाव्यात, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जुन्या नटांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. रेल्याची गाणी म्हणणाऱ्या बायांना मानधन देऊन वर्गात शिकवायला बोलवावं. हंगामाचा मोठा भाग तसाही दुसऱ्या सत्रात येतो, आणि वडशाला रेल्वेने जाता येतं.