आठवीतले मूल शिष्यवृत्तीत मागे का पडते?



डिसेंबर महिना म्हणजे आपल्याकडे कुणाच्या हाताला फुरसत नसलेला महिना. कुणाची कापसाची वेचणी चालू असते, कुणाची तूर काढणीला आलेली असते, कुणी रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी देत असतो, तर कुणी बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्याच्या फडात पोचलेला असतो. बहुधा याच महिन्यातल्या एखाद्या रविवारी आठवीच्या मुलामुलींची एक परीक्षा असते. तिचे नाव लांबलचक आहे : राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती परीक्षा. शाळेत तिला 'एनएमएमएस' म्हणतात. ही योजना २००८ साली केंद्र सरकारने सुरू केली आणि आपल्या राज्यात ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

या परीक्षेतून निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० रुपये झाले. पण रकमेपेक्षाही ती मिळण्याची वेळ महत्त्वाची आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मोफत शिक्षणाची हमी दिली ती आठवीपर्यंतच. पुढे हायस्कूल दुसऱ्या गावी, एस.टी.चा पास, वह्या, गणवेश असे खर्च सुरू होतात, आणि बऱ्याच घरांत नेमकी इथेच मुलीची शाळा थांबते. अशा वेळी मुलीच्या स्वतःच्या नावावर पैसे जमा होऊ लागले, तर 'हिला पुढे शिकवावे की नको' हा प्रश्न घरात वेगळ्या रीतीने बोलला जातो.

मग आपली मुले यात मागे का पडतात? 'आमच्या पोराचे डोकेच चालत नाही,' असे म्हणून आपण मोकळे होतो. ते खरे नाही.

पेपर असतो कसा?

दोन पेपर असतात. पहिला बौद्धिक क्षमता चाचणीचा, ९० प्रश्नांचा. त्यात पाठांतराचे काही नसते. आकड्यांच्या मालिका, आकृत्या, वेगळा घटक ओळखणे असे प्रश्न येतात. उदाहरणार्थ : ३, ७, १५, ३१, पुढचा आकडा कोणता? प्रत्येक वेळी दुप्पट करून एक मिळवला आहे हे ध्यानात आले की उत्तर ६३. दुसरा पेपर शालेय क्षमता चाचणीचा, तोही ९० प्रश्नांचा : विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. प्रत्येक पेपरला ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला एकच मिनिट. दोन्ही पेपर मिळून ४० टक्के गुण पडले की मूल पात्र ठरते; अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी ही अट ३२ टक्के आहे.

परंतु पात्र होणे वेगळे आणि निवड होणे वेगळे. देशभरात दरवर्षी एक लाख मुलांना ही शिष्यवृत्ती मिळते, त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ येतात. त्या जिल्ह्याजिल्ह्यांत आणि प्रवर्गवार वाटल्या जातात. तेव्हा काठावर पास होऊन भागत नाही.

अगोदर घरी एक चाचणी घ्या

'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांचे वाचन आणि गणित तपासले जाते. त्याचा अहवाल 'असर' नावाने प्रसिद्ध होतो. २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या ग्रामीण भागातील आठवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे ४६ मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. दुसरीच्या पुस्तकातला साधा उतारा शंभरांतल्या जवळजवळ तीस मुलांना नीट वाचता आला नाही. आता पाहा, ज्या मुलाला प्रश्न वाचायलाच दोन मिनिटे लागतात, ते एका मिनिटात उत्तर कुठून देणार? जमीन न नांगरता भारी बियाणे टाकावे तशी मग महागड्या गाईडांची गत होते.

म्हणून आज रात्री जेवणे झाली की मुलाला जवळ बसवा आणि ६१२ भागिले ६ करायला सांगा. उत्तर १०२ आले तर छान. १२ आले, तर मधला शून्य निसटला. म्हणजे मूल मठ्ठ नाही; चौथी-पाचवीत एक गोष्ट कच्ची राहिली आणि वर्गाबरोबर ते पुढे सरकत गेले, एवढाच त्याचा अर्थ. अशी कच्ची जागा सापडली तर रागावू नका. रोज पाच भागाकार आणि एक पान मोठ्याने वाचणे एवढे दोन-तीन महिने चालू द्या.

'आम्हांला कुठे अक्षर येते, आम्ही काय शिकवणार?' असे एखादी माउली म्हणेल. बाई, तुम्ही भाकरी थापता ना, तेवढा वेळ मुलीला चुलीजवळ बसवून धडा वाचायला लावा. ती कुठे अडखळते ते तुमच्या कानाला बरोबर कळते. आणि वाचून झाल्यावर एकच विचारा : 'यात काय सांगितले गं?' तिला आपल्या शब्दांत सांगता आले, तर तिला धडा समजला.

घरचा हिशेब मुलाच्या हाती द्या

गणिताची पुस्तके आपल्या घरातच पडलेली असतात. बाजार समितीतून माल विकून आलात की पट्टी मुलापुढे ठेवा. ४ क्विंटल ३५ किलो सोयाबीन, क्विंटलला ४,२०० रुपये दर, एकूण किती? १८,२७० रुपये. त्यातून हमाली, तोलाई वजा जाता हाती काय पडले? युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र असते, मग एका गोणीतून रानाला नत्र किती मिळाले? २०.७ किलो. चाळीस गुंठ्यांच्या एकरात पंचवीस गुंठे कांदा, तर शेकडा किती रान कांद्याखाली? साडेबासष्ट. शेकडेवारी आणि दशांश अपूर्णांक आठवीच्या मुलाला अवघड जातात ते कागदावर. पट्टीवरचे पैसे मोजताना तेच मूल चूक करत नाही. आणि तुमचाही हिशेब एकदा तपासला जातो, हा फायदा वेगळाच.

घड्याळ आणि उत्तरपत्रिका

चांगल्या तयारीची मुलेही दोन ठिकाणी मार खातात. पहिले म्हणजे वेळ. एका प्रश्नाला अडून बसतात आणि शेवटचे सोपे वीस प्रश्न राहून जातात. दुसरे म्हणजे उत्तरपत्रिका. इथे उत्तर लिहायचे नसते, चारांपैकी योग्य पर्यायाचे वर्तुळ पेनाने भरायचे असते. एक प्रश्न सोडला आणि पुढचे उत्तर त्याच्याच ओळीत भरले, की तिथून खालची सगळी रांग चुकते. दोन वर्तुळे भरली किंवा खाडाखोड केली तर त्या प्रश्नाचा गुण जातो.

याला उपाय सवयीचा. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका गुरुजींकडे मागा. दर रविवारी घड्याळ लावून ३० मिनिटांत ३० प्रश्न सोडवायला लावा आणि उत्तरे वर्तुळांतच भरू द्या. अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचे आणि शेवटी परत यायचे, हे अंगवळणी पडू द्या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, हे मुलाला बजावून सांगा.

कागदापायी शिष्यवृत्ती बुडू देऊ नका

पोराने गुण मिळवावेत आणि कागदाअभावी पैसे जावेत, यासारखी हळहळ नाही. पुढील गोष्टी कातरून भिंतीला लावून ठेवा :

१. मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत असावे. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय आणि शासनाच्या निवासी शाळांतील मुलांना ही योजना नाही.

२. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के.

३. आईवडिलांचे मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून वेळेवर काढा.

४. अर्ज शाळेमार्फत ऑनलाइन भरला जातो. पावसाळ्यातच मुख्याध्यापकांना जाऊन भेटा.

५. मुलाच्या नावे बँकेत खाते उघडा व ते आधारशी जोडून घ्या. आधार, शाळा आणि बँक या तिन्ही ठिकाणी नावाचे स्पेलिंग एकच असू द्या.

६. निवड झाल्यावर काम संपत नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. दहावीत किमान ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५ टक्के) गुण मिळाले तरच अकरावी-बारावीची रक्कम मिळते.

मराठा, कुणबी, मराठा-कुणबी व कुणबी-मराठा समाजातील जी मुले या परीक्षेत पात्र ठरतात पण निवड यादीत येत नाहीत, त्यांना 'सारथी' संस्थेकडून वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती दिली जाते. तिचीही चौकशी शाळेत करा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बंधूंना हात जोडून एक सांगणे आहे. तुमचा हंगाम आणि ही परीक्षा एकाच वेळी येते. फडात गेलेले मूल केवळ परीक्षेलाच मुकते असे नाही. त्याचे चार-पाच महिने बुडतात आणि पुढे भागाकारातला शून्य निसटतो तो इथूनच. आठवीचे एवढे एक वर्ष तरी मुलाला आजी-आजोबांपाशी, मामाकडे गावातच ठेवता येते का ते पाहा.

यादीत नाव आले नाही तर?

तर मुलावर हात उगारू नका. शेजारच्याशी तुलना करू नका. नव्वद प्रश्नांच्या कागदावर मुलाचे कष्ट, त्याची जनावरांवरची माया, त्याचा खरेपणा मोजता येत नाही. शिवाय या निमित्ताने वाचन सुधारले, भागाकार पक्का झाला, घड्याळाची भीती गेली, हे नववी-दहावीत त्याच्या कामालाच येणार आहे.

आणि धाकट्यांचीही वेळ येतेच आहे. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा, जी आपल्या पिढीने चौथी-सातवीत दिली, ती २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली होती. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय घेतला. म्हणजे तयारी आता एक वर्ष अगोदर हवी.

पेरणीचा वाफसा गाठला तर पीक साधते, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. मुलांच्या शिकण्यालाही असाच वाफसा असतो. मग आज रात्रीच विचारा : सहाशे बारा भागिले सहा किती?