संगणकीय दस्तऐवजाचा ठसा

ग्रामपंचायतीच्या दप्तरात रोकडवहीचे महत्त्व किती, हे कोणास सांगावयास नको. आरंभी मागील शिल्लक पुढे ओढली जाते, जमाखर्चाच्या नोंदी एकामागून एक होतात आणि अखेरीस शिल्लक काढून तिच्याखाली सही होते. मध्ये कोणी खाडाखोड केलीच, तर ती कागदावर दिसते. दस्तऐवज संगणकात गेला की मात्र खाडाखोडीची खूण उरत नाही. एक आकडा पुसून दुसरा घातला तरी पान पूर्वीइतकेच स्वच्छ दिसते. मग दस्तऐवज मूळचाच आहे, हे ओळखावयाचे कसे?

हा प्रश्न आता केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अंमलात आला आहे. त्याच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्या प्रमाणपत्रात अभिलेखाचे ‘हॅश मूल्य’ आणि ते कोणत्या पद्धतीने काढले, हे लिहावयाचे असते. ज्या कागदावर आपण सही करणार, त्यातील प्रत्येक रकान्याचा अर्थ आपणास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

हॅश म्हणजे काय?

कोणत्याही लांबीच्या मजकुरावर ठराविक गणिती क्रिया करून ठराविक लांबीचा ठसा काढणे, यास हॅश काढणे म्हणतात. एसएचए-२५६ या पद्धतीने एका ओळीचा अर्ज घ्या किंवा हजार पानांचे पुस्तक घ्या, ठसा ३२ बाइटांचाच मिळतो. तो कागदावर ६४ चिन्हांत लिहिला जातो. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा सर्वस्वी वेगळा येतो. ठशावरून मूळ मजकूर परत मिळवता येऊ नये आणि दोन निराळ्या अभिलेखांचा एकच ठसा काढून दाखविणे व्यवहारतः अशक्य असावे, या दोन अपेक्षा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ३ मध्येही नमूद आहेत.

रोकडवहीच्या शिल्लकेशी हॅशचे साम्य आहे, तसा एक महत्त्वाचा फरकही आहे. दोन नोंदींची अदलाबदल केली, किंवा एकीत दहा रुपये वाढवून दुसरीत दहा कमी केले, तरी अखेरची शिल्लक तीच राहते. हॅशमध्ये अशी भरपाई चालत नाही. नोंदींचा क्रमसुद्धा ठशात उतरतो.

‘सी’ भाषेतील तीन पायऱ्या

हे काम आज्ञावलीत कसे मांडले जाते, याचा उत्तम नमुना रोनाल्ड रिव्हेस्ट यांच्या एमडी५ या पद्धतीत आहे. एप्रिल १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनेटविषयक तांत्रिक टिपण क्रमांक १३२१ मध्ये त्यांनी पद्धतीच्या वर्णनाबरोबर ‘सी’ भाषेतील आज्ञावलीही दिली. वापरणाऱ्याच्या वाट्यास त्यात तीनच क्रिया येतात : ‘इनिट’, ‘अपडेट’ आणि ‘फायनल’.

‘इनिट’ म्हणजे नवी वही उघडणे. संगणकाच्या स्मृतीत एक लहानशी जागा राखली जाते. तीत चालू हिशेबाचे चार आकडे, आतापर्यंत किती मजकूर आला याची मोजदाद आणि ६४ बाइटांचा एक कप्पा असतो. ‘अपडेट’ म्हणजे नोंद करणे. मजकुराचा एकेक भाग दिला जातो, कप्पा भरला की त्यावर क्रिया होते आणि चार आकडे बदलतात. ‘फायनल’ म्हणजे वही बंद करणे. उरलेल्या मजकुराला ठराविक भर घालून त्यापुढे एकूण लांबी लिहिली जाते, १६ बाइटांचा ठसा बाहेर येतो आणि राखलेली जागा पुसून टाकली जाते. पुढील दस्तऐवजासाठी पुन्हा ‘इनिट’पासून आरंभ करावयाचा.

या विभागणीत मोठी सोय आहे. टिपणातील नमुना-आज्ञावली दस्तऐवज एका वेळी १,०२४ बाइट याप्रमाणे वाचते. त्यामुळे दस्तऐवज कितीही मोठा असला तरी स्मृती थोडीच लागते. शिवाय मजकूर एकदम दिला काय किंवा शंभर तुकड्यांत दिला काय, तुकड्यांचा क्रम कायम असेपर्यंत ठसा एकच येतो.

चुका कोठे होतात?

‘सी’ भाषेत अक्षरमाला शून्य बाइट आला की संपली असे समजतात. ठसा मात्र अक्षरांचा नसून नुसत्या बाइटांचा असतो, आणि त्यात शून्य बाइट कोठेही येऊ शकतो. दोन ठसे अक्षरमाला म्हणून ताडून पाहिल्यास तुलना मध्येच थांबते आणि भिन्न ठसे सारखे ठरण्याचा धोका राहतो. म्हणून सर्व बाइट मोजून ताडावे लागतात.

दुसरी अडचण मराठी मजकुराची आहे. ‘कऱ्हाड’ या नावातील ‘ऱ’ संगणकात एका संकेतानेही साठविता येतो, आणि ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु ठसे निराळे येतात. हॅश डोळ्यांना दिसणारी अक्षरे पाहत नाही, साठविलेले बाइट पाहते. म्हणून दस्तऐवज पुन्हा टंकलिखित करून ठसा जुळवू पाहणे व्यर्थ होय.

पद्धत मोडली, रचना टिकली

२००४ मध्ये चिनी गणितज्ञ वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच एमडी५ ठसा असणारे दोन भिन्न मजकूर दाखवून दिले. २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधनसंस्था आणि गूगल यांच्या संशोधकांनी एसएचए-१ बाबत तेच केले. २००२ मध्ये अमेरिकेच्या मानकसंस्थेने प्रसिद्ध केलेली एसएचए-२५६ मात्र अद्याप अभंग आहे. तीसुद्धा याच तीन पायऱ्यांनी वापरली जाते. ओपनएसएसएल या प्रचलित आज्ञासंग्रहाने २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक पद्धतीच्या स्वतंत्र क्रिया मागे टाकून एकच सामाईक संच पुढे केला आहे. पद्धतीचे नाव त्यास वेगळे सांगावयाचे असते. उद्या पद्धत बदलावी लागली, तर सारी आज्ञावली नव्याने लिहावी लागू नये, हा त्यातील हेतू.

साक्ष्य अधिनियमाच्या प्रमाणपत्रात मात्र एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ आणि अन्य असे चारही पर्याय छापलेले आहेत. मोडलेल्या पद्धतींचे रकाने समोर असले तरी एसएचए-२५६ निवडणेच श्रेयस्कर होय.

अखेरीस ठशाची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. दस्तऐवज बदललेला नाही, एवढेच ठसा सांगतो. त्यातील मजकूर खरा आहे की खोटा, किंवा तो कोणी लिहिला, हे तो सांगत नाही. कोणी लिहिला याचे उत्तर डिजिटल स्वाक्षरीने मिळते, आणि तीही हॅशच्याच पायावर उभी असते. तसेच ठसा आणि दस्तऐवज एकाच ठिकाणी ठेवले, तर लबाडी करणारा दोन्ही बदलू शकतो. यास्तव अभिलेख हाती येताच ठसा काढावा, तो तारीख-वेळेसह स्वतंत्र नोंदवहीत लिहावा आणि त्याखाली सही करावी. रोकडवहीच्या बाबतीत जी शिस्त आपल्या अंगवळणी पडली आहे, तीच येथेही उपयोगी पडेल.