येझदीचा पुढचा शॉकअप

संपादकांना म्हैसूरच्या बंद पडलेल्या कारखान्यावर लेख हवा होता. तो इतिहास चार ओळींत सांगून होतो. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी आयडियल जावा कंपनी काढली आणि १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर इथे मोटारसायकली बनू लागल्या. १९७३ मध्ये त्यांचं नाव येझदी झालं, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. गाड्या मात्र अजून धावतात. त्या कुणाच्या हातांमुळे धावतात, ते मला पाहायचं होतं.

म्हणून तिरुमकुडलु नरसीपूर गाठलं. कावेरी आणि कपिलेच्या संगमाचं हे गाव. जवळच सोसले. मराठी माध्व घरांना ते व्यासराज मठामुळे ठाऊक असतं. सोसलेच्या रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ‘भाई’ काम करतात. सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांखेरीज ते कशाला हात लावत नाहीत.

येझदीचा विषय निघाला की लोक इंजिनावर बोलतात. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, किकचाच होणारा गिअर, तो आवाज. पण खड्ड्यातून निघताना गाडी हातात राहते की नाही, हे ठरतं पुढच्या दोन नळ्यांत, म्हणजे शॉकअपमध्ये. ऑइल गळू लागेपर्यंत तिकडे कुणी बघत नाही.

रचना साधी आहे. एका नळीत दुसरी सरकते, आत लांब स्प्रिंग आणि थोडं ऑइल. स्प्रिंग वजन पेलते. ऑइल बारीक भोकांतून रेटलं जातं आणि स्प्रिंगची उसळी आवरतं. ते आटलं की एका स्पीडब्रेकरवर गाडीचं तोंड तीनदा नाचतं. आजच्या महाग गाड्यांच्या शॉकअपला डोक्यावर स्क्रू असतो, तो फिरवला की स्प्रिंग आधीच जास्त दाबली जाते. इथे फिरवायला काहीच नाही. ॲडजस्ट करायचं तर तीन गोष्टी हाती: ऑइल किती जाड, किती भरायचं आणि स्प्रिंगवर किती जाडीचा वॉशर ठेवायचा. ऑइल जास्त झालं तर वरची हवा कोंडते, तीच दुसरी स्प्रिंग बनते आणि मनगटं भरून येतात.

भाई आधी मोजतात. पुढचं चाक उचलून टेपने एक माप, मग मालकाला सीटवर बसवून दुसरं. शॉकअपच्या एकूण चालीचा चौथा ते तिसरा हिस्सा नुसत्या वजनाने दबायला हवा. त्याहून जास्त दबला तर वॉशर वाढवायचा, कमी दबला तर काढायचा. ऑइल सील चढवताना ते पाइपच्या तोंडावर दुधाची रिकामी पिशवी ओढतात, म्हणजे धारेने सीलचा ओठ कापला जात नाही. चाक बसवल्यावर ॲक्सल आवळतात, पण खालचा क्लॅम्प ढिलाच ठेवतात. मग पुढचा ब्रेक धरून हँडल पाच-सहा वेळा खाली दाबतात. शॉकअपचे दोन्ही पाय आपापली जागा घेतात, तेव्हाच क्लॅम्प आवळला जातो. मी घाई केली तर म्हणाले, “नक्को साब, उसको बैठने दो.” ही सबुरी मला फार मोलाची वाटली.

बरीच तरुण मुलं इथे बदल करून घ्यायला येतात. नव्या गाडीचा जाड फोर्क आणि डिस्क ब्रेक त्यांना हवा असतो. भाई सहसा नकार देतात आणि मला ते पटतं. फोर्कची लांबी बदलली की चाकाचा कोन बदलतो, हँडल जड होतं किंवा भिरभिरतं. डिस्कचा जोर जिथे येतो, तिथला जुना सांगाडा त्या जोरासाठी बनलेलाच नाही. शिवाय मूळ रचनेतल्या फेरफारावर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचं बंधन आहे. नवा शॉकअप घेण्याआधी आहे तो नीट लावून बघावा, हेच खरं.

पण नीट लावायचा तरी कसा? पाइपचं क्रोम गंजून खड्डे पडले की प्रत्येक खड्डा नवं सील खरवडतो. सील बदलून उपयोग नाही, पाइप पुन्हा हार्ड क्रोम करून मापात ग्राइंड करावा लागतो. क्रोमचं सांडपाणी विषारी असल्याने असं काम करणाऱ्यांवर प्रदूषणाचे नियम कडक आहेत, आणि दोन पाइपांसाठी यंत्र लावायला कुणी तयार होत नाही. बाजारातल्या नकली स्प्रिंगा एकाच पाकिटात दोन ताकदीच्या निघतात. भाई प्रत्येक जोडी व्हाइसमध्ये दाबून बघतात, न जमणारी परत करतात. एका शॉकअपला अर्धा दिवस जातो आणि मजुरी तासाभराची मिळते. हाताखालचा पोरगा स्कूटरच्या गॅरेजात निघून गेला. तिथे अख्खा शॉकअप काढून नवा बसवतात.

मापं सगळी भाईंच्या डोक्यात. विचारून विचारून मी ती वहीत उतरवून घेतली, पण वही वाचून हात तयार होत नाही. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीप्रेमी गावोगावी चकचकीत गाड्या घेऊन जमतात. त्यांनी मिळून एका वेळी शंभर पाइपांचं क्रोम काम दिलं आणि एखाद्या पोराचा वर्षभराचा पगार उचलला, तर भाईंची शिकवायची तयारी आहे. मी भाईंना तसं स्पष्ट विचारलं, आणि त्यांनी लगेच हो म्हटलं.