दशकातले बेस्ट मराठी सिनेमे: यादी करतं कोण, आणि ‘मुळशी पॅटर्न’ कुठंय?

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल तर इथे वाचून घ्या. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘म्हणजे, म्हणजे’ कापलेत.

२०१० ते २०१९ या दशकातल्या बेस्ट मराठी सिनेमांची समीक्षकांची कुठलीही यादी उघडा. ‘कोर्ट’, ‘फँड्री’, ‘सैराट’, ‘किल्ला’, ‘देऊळ’ ही नावं साधारण ठरलेली. आता मी राहतो चांदे गावात, मुळशी तालुक्यात. नोकरी हिंजवडीला. आमच्याकडे कट्ट्यावर ‘बेस्ट मराठी पिक्चर कुठला रे?’ विचारलं की पहिलं नाव येतं ‘मुळशी पॅटर्न’. आणि मी पाहिलेल्या याद्यांमध्ये तो जवळपास नसतोच. मग चूक कोणाची, पोरांची की समीक्षकांची? त्याआधी यादी बनते कशी ते बघू, कारण अर्धं भांडण तिथंच मिटतं.

एक उदाहरण घेऊ, पूर्ण काल्पनिक. पाच जणांनी प्रत्येकी पाच सिनेमांची यादी दिली. पहिल्या नंबरला ५ गुण, शेवटच्याला १. ‘सैराट’ तिघांच्या यादीत पहिला, उरलेल्या दोघांच्या यादीत नाहीच. ‘किल्ला’ पाचही जणांच्या यादीत तिसरा. आता कोण जिंकलं? पहिले नंबर मोजले तर ‘सैराट’, तीन विरुद्ध शून्य. किती याद्यांमध्ये नाव आहे ते मोजलं तर ‘किल्ला’, पाच विरुद्ध तीन. आणि गुण मोजले तर दोघांनाही १५. डेटा तोच, फंक्शन बदललं की आउटपुट बदललं! म्हणून कुणी यादी फॉरवर्ड केली की आधी विचारायचं, मोजलंय कसं?

ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगातल्या सर्वोत्तम सिनेमांसाठी मतं घेतं. प्रत्येकानं दहा नावं द्यायची, क्रम नाही, प्रत्येक नावाला एक मत. २०१२ साली ८४६ जणांनी मत दिलं, २०२२ साली १६०० हून जास्त. आणि शांताल आकरमान या दिग्दर्शिकेचा ‘जान डिलमन’ हा १९७५ चा सिनेमा, जो २०१२ ला पहिल्या तिसातही नव्हता, तो थेट एक नंबरला आला. पिक्चर तोच होता, मत देणारी माणसं वाढली आणि बदलली.

आपल्याकडचं बघा. फिप्रेस्की ही समीक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या भारतीय शाखेनं २०२२ मध्ये आजवरचे सर्वोत्तम भारतीय सिनेमे निवडले. मतदार ३०. पहिला ‘पथेर पांचाली’, त्याबद्दल वाद नाही. पण पहिल्या दहात मराठी सिनेमा एकही नाही. ज्या भाषेतल्या ‘श्यामची आई’ला पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, ती भाषा दहात नाही. मला तरी हे टोचतं.

आता ‘मुळशी पॅटर्न’. प्रवीण तरडे मुळशीचेच. सिनेमा आला २३ नोव्हेंबर २०१८ ला. जमीन विकली, पैसा आला, पैसा उडाला, आणि पोरगं गुन्हेगारीत गेलं, ही गोष्ट. आमच्या पट्ट्यात शेत आणि टॉवर एकाच फ्रेममध्ये दिसतात, त्यामुळे हा पिक्चर इथं गोष्ट म्हणून बघितलाच जात नाही. मोहन जोशींनी केलेला, जमीन गमावलेला बाप बघताना थिएटरात शिट्ट्या वाजवणारी पोरंही गप्प होतात.

पण समीक्षकांचा आक्षेपही खरा आहे हां. सिनेमाला राह्याचा शेवट वाईट दाखवायचाय, आणि तरी त्याची एन्ट्री, त्याची चाल, ते ‘खतरनाक’ गाणं, सगळं इतकं झोकात की पोरांनी स्टेटसला ठेवला तो रुबाब. बाप कुणी ठेवला नाही. ‘फँड्री’त जब्या शेवटी दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे. तिथं टाळ्या वाजवायला जागाच नाही. मला हा फरक मोठा वाटतो.

‘कोर्ट’बद्दल पोरं म्हणतात, ‘बोअर आहे यार, कॅमेरा हलतच नाही.’ बरोबर, पण तुम्ही तो बघितलाय सहा इंचाच्या स्क्रीनवर, मधे चार नोटिफिकेशन! चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा लांब उभा राहतो, कारण लोकशाहीर नारायण कांबळेवरचा खटला किती निवांत, किती सवयीनं चाललाय तेच दाखवायचंय. २०१४ ला व्हेनिसमध्ये त्याला पुरस्कार मिळाले ते पडदा भरून बघणाऱ्यांकडून. एकदा रात्री लॅपटॉपवर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघा, मग भांडा.

आणि काही सिनेमे तर भांडणापर्यंत पोचतच नाहीत. ‘कासव’ला २०१६ सालच्या सिनेमांमधलं सुवर्णकमळ मिळालं. तुमच्या ग्रुपमध्ये विचारा किती जणांनी पाहिलाय. जो पाहायलाच मिळत नाही त्याला कट्टा मत देणार कसं? इथं समीक्षकांची यादी कामाला येते. तसंच ज्यांच्या तालुक्यावर पिक्चर निघाला त्यांचं मत यादीत नसेल, तर ती यादीही अर्धीच.

माझं मत विचाराल तर ‘कोर्ट’ एक, ‘फँड्री’ दोन, आणि ‘मुळशी पॅटर्न’ पहिल्या दहात, इंटरव्हलच्या आधीच्या भागासाठी.

तुमच्या याद्या व्हॉइस नोटनं पाठवा. पाच नावं, क्रम नको, प्रत्येक नावाला एक मत. सिनेमा थिएटरात लागला ती तारीख धरायची, १ जानेवारी २०१० ते ३१ डिसेंबर २०१९. आणि हो, ‘नटरंग’ चालेल. त्याला राष्ट्रीय पुरस्कार २००९ च्या सिनेमांमध्ये मिळाला, पण तो लागला बरोब्बर १ जानेवारी २०१० ला.