रूळ गंजले, रान माजलं

पाचगणीला रेल्वे कधी चढलीच नाही. गोऱ्या साहेबांनाही वाठार स्टेशनात उतरून टांग्यानं वाई गाठावी लागे आणि मग पसरणीचा घाट. तेव्हा मोडीत निघालेल्या रेल्वे यार्डाची गोष्ट इथं बसून सांगणं जरा आगाऊपणाचंच. पण बर्लिनमधल्या झुडगेलेंडे निसर्गोद्यानाची गोष्ट इथल्या टेबललँड पठाराच्या शेजाऱ्यांनी ऐकावी अशी आहे.

हे मूळचं टेंपलहोफचं शंटिंग यार्ड. मालगाड्यांचे डबे इथं सोडवायचे, नव्यानं जोडायचे, मार्गाला लावायचे. महायुद्धानंतर शहराची वाटणी झाली. पश्चिम बर्लिनमधली रेल्वेसुद्धा पूर्व जर्मनीच्याच हाती राहिली आणि 1952 मध्ये इथलं काम थांबलं. जागा पडून राहिली. खडीत वाऱ्यानं आलेलं बी रुजलं. आधी गवत आणि रानफुलं, मागाहून बर्च आणि रॉबिनिया. रॉबिनिया मूळची अमेरिकेची. पण पाचगणीचा सिल्व्हर ओक तरी कुठं इथला?

1980 च्या सुमारास इथं पुन्हा मालगाड्यांचं यार्ड करायचा बेत शिजला. आसपासचे रहिवासी एकत्र आले, अडून बसले. अभ्यासकांनी झाडं, पाखरं, किडेमुंग्या मोजून काढल्या. अखेर 1999 मध्ये जागेला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि 2000 मध्ये 18 हेक्टरांचं उद्यान लोकांना खुलं झालं. रूळ तसेच ठेवलेत. दोन रुळांच्या मधोमध, स्लीपरच्या फटीतून बर्चचं पांढरं खोड सरळ वर गेलेलं दिसतं. 1940 चं वाफेचं इंजिन, टर्नटेबल, 50 मीटर उंच पाण्याची टाकी, सगळं इथं बघायला मिळतं. नाजूक भागात पाय जमिनीला लागू नयेत म्हणून लोखंडी जाळीची उंच पायवाट केली आहे.

खरी मेख पुढं आहे. 1981 मध्ये इथली 37 टक्के जमीन झाडाझुडपांखाली होती, दहा वर्षांत ती सुमारे 70 टक्के झाली. तशीच सोडली असती तर सगळं जंगल झालं असतं आणि उन्हानं तापणाऱ्या कोरड्या खडीवर जगणारे नाकतोडे, रानमधमाश्या, लहान फुलझाडं गेली असती. म्हणून माळाच्या भागात मुद्दाम गवत कापतात, मेंढ्या चारतात, उगवलेली रोपं काढून टाकतात. निसर्गोद्यानात झाडं तोडायची! आपल्याकडे असं बोलून तर बघा.

आपल्या सड्यांचंही, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांचंही तेच आहे. कास पठाराला 2012 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा फुलांची गर्दी होतीच, त्याहून माणसांची झाली. पण सीतेची आसवं आणि गेंद तिथं फुलतात ते जांभ्यावर मातीचा थर जेमतेम असतो, म्हणून. मोठं झाड तिथं मूळ धरत नाही, हीच त्यांची सोय. पाचगणीच्या पठारावरून पाहुणा ‘किती ओसाड!’ म्हणत खाली उतरतो आणि पावसाळा आला की कुणीतरी रोपं नि कुदळी घेऊन वर निघायच्या गोष्टी करतो. वर्तमानपत्रात त्याचा फोटोही येतो.