रणभेरीवांचून युद्ध

युद्ध म्हटलें कीं सैन्य, तोफा व रणभेरी यांचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु युद्ध व शांतता यांच्यामध्यें एक धूसर प्रदेश आहे. तेथें शत्रु सीमा ओलांडीत नाहीं, आपलें नांव सांगत नाहीं, आणि तरीही राष्ट्र आंतून पोखरीत असतो. लोकशाहीस याचें भय अधिक; कारण तिचा सारा कारभार परस्परांवरील विश्वासानें चालतो. याचें एक बोधप्रद उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राच्या कांठचा, सुमारें तेरा लक्ष वस्तीचा चिमुकला देश. १९९१ सालीं तो सोव्हिएट सत्तेपासून पुनः स्वतंत्र झाला. तेथें रशियन भाषा बोलणाऱ्यांचीही मोठी वस्ती आहे. एप्रिल २००७ मध्यें सरकारनें टॅलिन या राजधानींतील सोव्हिएट सैनिकाचा पुतळा मध्यवस्तींतून हलवून लष्करी दफनभूमींत नेला. अनेक एस्टोनियनांस तो परदास्याची खूण वाटे. रशियन भाषिकांस तें हिटलरवरील विजयाचें स्मारक वाटे. पुतळा व तेथील थडगीं उद्ध्वस्त होत आहेत, अशा खोट्या वार्ता पसरल्या. दंगल उसळली व एक मनुष्य प्राणास मुकला.

त्याच वेळीं दुसरा हल्ला झाला. असंख्य संगणकांनीं एकदम इतक्या मागण्या पाठविल्या कीं सरकारी कचेऱ्या, बँका व वृत्तपत्रें यांचीं संकेतस्थळें बंद पडलीं. टपालकचेरीच्या खिडकीशीं हजारों रिकामटेकड्यांनीं गर्दी करावी आणि खऱ्या गरजूस पुढें सरकतां येऊं नये, तसाच हा प्रकार! तो सुमारें तीन आठवडे चालला. एस्टोनियानें रशियाकडे बोट दाखविलें; रशियानें इन्कार केला. आज्ञा कोणाची होती, हें निर्विवाद सिद्ध झालें नाहीं. या रीतीचें मर्म हेंच. ज्यावर उलट वार करावा तो शत्रूच दिसत नाहीं.

पुढें २००८ सालीं नाटो संघटनेच्या आश्रयानें टॅलिन येथेंच संगणकसंरक्षणाचें केंद्र स्थापन झालें. संगणकतज्ज्ञ स्वयंसेवकांचें पथकही उभें राहिलें. परंतु केवळ यंत्रें पुरेशीं नाहींत. भयापोटीं सर्वांचीं तोंडें बंद केलीं, किंवा भिन्न भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यास शत्रु मानिलें, तर शत्रूचें काम आपणच केल्यासारखें होईल.

विद्यार्थिमित्रहो, या युद्धांत पहारेकरी प्रत्येक नागरिक आहे. राग चेतविणारी वार्ता हातीं येतांच ती कोणी सांगितली, कशावरून सांगितली, व ती पसरल्यानें कोणाचें साधतें, हे तीन प्रश्न विचारावे. उत्तर मिळेपर्यंत ती दुसऱ्याकडे धाडूं नये. एवढा संयम ज्या समाजांत आहे, तेथें फूट पाडणें शत्रूस सोपें जात नाहीं.